सूत्र आणि समीकरण

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. ते निवळावे म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात त्यात ॲल्युमिनियम सल्फेट घालतात. आणि पाण्याची नैसर्गिक अल्कता अपुरी असल्यास भिजविलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मिसळतात. यातून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो व गाळ घेऊन तळाशी बसतो. चुना किती घालावा, याचे उत्तर समीकरण देते; परंतु तत्पूर्वी सूत्रे अचूक हवीत.

आयनी संयुगात धनभार व ऋणभार यांची बेरीज शून्य असते. ॲल्युमिनियमच्या आयनावर (एएल) ३ धनभार, तर सल्फेटवर (एसओ४) २ ऋणभार असतात. दोहोंचा मेळ ६ या संख्येवर बसतो. म्हणून दोन ॲल्युमिनियम व तीन सल्फेट घ्यावे लागतात. सूत्र होते एएल२(एसओ४)३. कंसाबाहेरील ३ हा आकडा संपूर्ण गटाला लागू आहे. कॅल्शियमवर (सीए) २ धनभार व हायड्रॉक्साइडवर (ओएच) १ ऋणभार, म्हणून सीए(ओएच)२. याच न्यायाने एएल(ओएच)३ व सीएएसओ४ ही सूत्रे मिळतात.

आता समीकरण मांडू:

एएल२(एसओ४)३ + सीए(ओएच)२ → एएल(ओएच)३ + सीएएसओ४

डावीकडे सल्फेट तीन, उजवीकडे एकच. रासायनिक क्रियेत द्रव्य नाहीसे होत नाही, हे लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात सांगितले. तेव्हा दोन्ही बाजू समान झाल्याच पाहिजेत. मात्र सूत्रातील आकडे बदलू नयेत. एच२ओ हे पाणी. त्यात एक ओ वाढविला की एच२ओ२, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड हा निराळाच पदार्थ होतो. बदल सूत्रामागील गुणकातच करावा. सीएएसओ४ च्या मागे ३ लिहिताच चुन्यालाही ३ लागतात. ॲल्युमिनियमसाठी एएल(ओएच)३ ला २:

एएल२(एसओ४)३ + ३सीए(ओएच)२ → २एएल(ओएच)३ + ३सीएएसओ४

हायड्रॉक्साइड दोन्हीकडे सहा आहेत. वजनेही ताडून पाहावीत: ३४२ + २२२ = ५६४ आणि १५६ + ४०८ = ५६४.

म्हणजे ३४२ ग्रॅम निर्जल ॲल्युमिनियम सल्फेटला २२२ ग्रॅम चुना लागतो. असंतुलित समीकरणावर विसंबणारा ७४ ग्रॅमच घालील. अल्कता अपुरी असलेले पाणी मग आम्लधर्मी होईल, साका नीट बसणार नाही व ॲल्युमिनियमचा अंश पाण्यात विरघळलेला राहील. सूत्रामागील त्या लहानशा ३ चे मोल एवढे आहे.