पणजीचा पत्ता कुठे लागतो?

अमेरिकेतल्या शेतकऱ्याला आपला पणजोबा कोण, कुठला, हे हुडकायचे असले की तो आधी जमिनीचे दप्तर गाठतो. तिथे १८६२ साली होमस्टेड कायदा झाला. १६० एकर मागायचे, पाच वर्षे राहून कसायचे, की जमीन नावावर! ती मुळात तिथल्या आदिवासींची होती, हे मात्र त्या कागदांत सापडत नाही.

नावावर करताना घर केवढे, किती एकर नांगरले, पीक कोणते, सगळे लिहून द्यावे लागे. वर दोन साक्षीदार. ते बहुधा शेजारीच. त्यांची नावे नीट वाचावीत. एखादा मेहुणाही निघतो. हे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत.

पणजोबा असा सापडतो, पणजीचे काय? विधवेला किंवा बिनलग्नाच्या बाईला स्वतःच्या नावाने जमीन मागता येई, नवऱ्याच्या घरी नांदणारीला सहसा नाही. तिचे माहेरचे नाव लग्नाच्या नोंदीत, नाहीतर घरच्या बायबलाच्या पानावर शोधावे लागते.

खानेसुमारीचाही आधार आहे, पण १८९० ची बहुतेक पाने १९२१ च्या आगीपायी गेली. म्हणून १८८० साली आईच्या मांडीवर असलेले पोर १९०० साली एकदम वीस वर्षांचा गडी होऊनच भेटते. आणि मधल्या काळात जन्मून गेलेली?

१९०० साली बायांना विचारले होते, मुले किती झाली, हयात किती. उत्तर आठ आणि पाच असे असले, तर उरलेल्या तिघांसाठी नातवंडे दफनभूमीतले दगड पुसून वाचत हिंडतात.