प्रवाळभित्तीची सांवरण्याची शक्ति

शेतांतील तण वेळींच काढिलें नाहीं तर पिकाची काय गत होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. उष्ण समुद्रांतील प्रवाळांचीही तीच गोष्ट आहे. प्रवाळ हे बारीक जीव. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर सांचून भित्ति बनते. तेथील तण म्हणजे समुद्रशेवाळ. तें माजलें कीं जुने प्रवाळ झांकले जातात व नव्यांस खडकावर रुजण्यास जागा उरत नाहीं. तें खाऊन टाकणारे मासे व इतर प्राणी हे भित्तीचे खुरपणी करणारे मजूरच होत.

हे मजूर अनेक जातींचे कां असावेत, याचा धडा वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर मिळाला. तेथें दीर्घकाळच्या बेसुमार मासेमारीमुळें शेवाळ खाणारे मासे फार कमी झाले होते. तरीही भित्ति धडधाकट दिसे. कारण, साळिंदराप्रमाणें लांब काळे कांटे असलेला एक वाटोळा प्राणी, ज्यास आम्ही येथें समुद्रसाळू म्हणूं, तेथें विपुल होता. शेवाळ तो चरत असे. सारें काम त्या एकट्यावर येऊन पडलें होतें.

१९८० सालीं ॲलन नांवाच्या चक्रीवादळानें प्रवाळांचा चुराडा केला. परंतु पुढें नवे प्रवाळ रुजूं लागले. इतक्यांत १९८३ सालीं समुद्रसाळूंत सांथ शिरली व त्यांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मेले. त्यांची जागा घेणारें कोणी उरलें नव्हतें. १९७७ च्या सुमारास तळाचा जवळजवळ निम्मा भाग जिवंत प्रवाळांनीं व्यापिलेला होता. १९९३ पर्यंत तो शेंकडा ५ हून कमी झाला, आणि बहुतेक जागा शेवाळानें घेतली.

यावरून दिसतें कीं, नुसत्या जाती पुष्कळ असून भागत नाहीं. एकच काम करणाऱ्या, पण निरनिराळ्या दुखण्यांस बळी पडणाऱ्या जाती हव्यात. समुद्र तापल्यानें प्रवाळ पांढरे पडून मरतात, तें संकट या विविधतेनें टळत नाहीं. मात्र त्यांतून सांवरण्यास शेवाळ हटविणारे लागतातच.

आपल्या शेतांतही कीड खाणारे पक्षी व कीटक अनेक जातींचे असतात. त्यांतील एक जात नाहींशी होऊनही पिकास उणें पडलें नाहीं, म्हणून ती निरुपयोगी होती असें समजूं नये. तिचें काम दुसरी करीत असेल. आणि कदाचित् ती दुसरीच शेवटची असेल.