पैठणचं पिशाच्च, कोरियाचा व्हॅम्पायर
पैठणची आख्यायिका सांगते, गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ पैशाचीत, म्हणजे पिशाच्चांच्या बोलीत लिहिली. सातवाहन राजाने ती नाकारली, तेव्हा प्राण्यांना वाचून दाखवत गुणाढ्य एकेक पान अग्नीत टाकत राहिला. दरबारात न मावणारी गोष्ट अमानुषांच्या भाषेत सांगायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. सिल्ब यांच्या ‘ब्लड बँक’ या कोरियन वेबटूनमध्ये, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या चित्रकथेत, ती रीत मला पुन्हा दिसते. तिथे राज्य व्हॅम्पायरांचं, माणसं त्यांच्या ताब्यात. तरी प्रेमात व्हॅम्पायर शेल नमतो तो वन नावाच्या माणसापुढे; दोघेही पुरुष.

दोन पुरुषांचं प्रेम भुताखेतांआड कशाला, हा आक्षेप रास्तच. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीने २००६ साली ते मराठी घरातच मांडलं होतं. पण इथे व्हॅम्पायर म्हणजे आडोसा नव्हे. राज्यकर्ताच शरण जातो, म्हणून मोबाइलवर चौकटी सरकवताना ताबा नेमका कुणाचा, हे दर वेळी नव्याने तपासावं लागतं.