गाडीचे पांघरूण

नोव्हेंबरच्या अखेरीस शाळांना मोठी सुट्टी लागली की बेडोकमधल्या आपल्या मंडळींत दोन प्रश्न हमखास फिरू लागतात. भारतात जाताना सामान किती किलो चालते, हा पहिला. आणि महिनाभर गाडी उभी राहणार, तर तिच्यावर कव्हर घालून जावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विमान कंपनी देते. दुसऱ्याचे उत्तर जो तो आपल्या गावाच्या सवयीने देतो. पुणेकर म्हणतो, घातलेच पाहिजे, नाहीतर धूळ बसते. मुंबईकर म्हणतो, घाला, पण प्लास्टिकचे, पावसात टिकेल असे. आपापल्या गावी दोघेही बरोबर असतील. बेडोकला मात्र यातला एकही सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते सांगण्यासाठी हा लेख. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण डॉक्टरेटच्या वर्षांत निरनिराळ्या पदार्थांच्या थरांतून उष्णता आणि बाष्प कसे वाहते याच्याशी बरीच झटापट केली होती. त्या ज्ञानाचा नोकरीत काडीचा उपयोग झालेला नाही, निदान कार पार्कमध्ये तरी व्हावा!

इथे गाडीच्या रंगाची एवढी काळजी का करायची, हे नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घेण्याआधी सीओई, म्हणजे गाडी बाळगण्याचा परवाना, लिलावात मिळवावा लागतो आणि तो दहा वर्षे चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात या नुसत्या कागदाची किंमत दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. मुदतीआधी गाडी मोडीत काढली तर सरकारकडून जो परतावा मिळतो, त्याचा रंगाशी काही संबंध नसतो. पण आपल्यापैकी कितीजण दहा वर्षे एका जागी राहतात? बदली होते, नोकरी बदलते, आईवडिलांसाठी परत जावे लागते आणि गाडी तीन-चार वर्षांत विकायची वेळ येते. त्या वेळी घेणारा आधी इंजिन पाहत नाही. ट्यूबलाइटखाली उभा राहून तो बॉनेटवर तिरका डोळा लावतो.

त्याला जे दिसते ते किती पातळ असते, याची कल्पना हवी. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या दोन केसांच्या जाडीएवढे. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक असते ती त्याची, आणि सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्याच्यातच मिसळलेली असतात. प्रत्येक वेळी पॉलिश करताना यातलाच एखाद-दोन मायक्रॉनचा भाग खरवडला जातो. हे भांडवल एकदा मिळते, पुन्हा भरता येत नाही.

आता या थराचे शत्रू. ऊन तर आहेच. विषुववृत्त इथून जेमतेम दीड अंशावर, आणि निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे सर्वांत धोकादायक श्रेणीत, सहज जातो. झाडे आहेत. पर्जन्यवृक्षावरच्या किडींचा चिकट स्राव खाली ठिबकतो, अंगसानाची (आपल्या बिबळ्याचा हा भाऊबंद) पिवळी फुले ओल्या टपाला चिकटून बसतात. संध्याकाळी त्याच झाडांवर साळुंक्यांची सभा भरते. त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते हे खरे, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की, ती उन्हात वाळून कडक होते, त्याच उन्हात क्लिअर कोट मऊ होतो आणि रात्री निवताना त्या खडबडीत पापुद्र्याचा ठसा घेऊनच घट्ट होतो. बांधकामाची धूळ आहेच. थॉमसन–ईस्ट कोस्ट मार्गाची मेट्रो २०२४ च्या जूनमध्ये बेशोअरपर्यंत धावू लागली, त्याआधीची कित्येक वर्षे आमच्या भागातल्या गाड्यांवर सिमेंटची पुटे दिसत असत.

पण बेडोकचा खरा प्रश्न मिठाचा आहे. बेडोक साउथच्या ब्लॉकांपासून समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि गाडीवर बसतात. कोकणातल्या घरी पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते आठवा. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच विरघळते. सिंगापूरची वर्षभराची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. पहाटे ती नव्वदी ओलांडते आणि दुपारी साठच्या आसपास उतरते. म्हणजे आपली बरणी इथे बारा महिने पाझरते, फक्त दुपारी थोडी सुकते. उघड्या गाडीला ही दुपारची सुटका मिळते. क्लिअर कोटचे मीठ फारसे वाकडे करत नाही, पण खड्याने उडालेला टवका, दाराची खालची कड, बॉनेटची किनार इथे ते पत्र्यापर्यंत पोचते.

आता या गाडीवर हवाबंद कव्हर घाला. दुपारची ती सुटका बंद! जमिनीतून आणि सांध्यांतून आलेली ओल आत अडकते, दिवसा तापून वाफ होते, रात्री टप थंड झाला की त्यावर दव बनून बसते. मिठाला हवे ते सगळे मिळाले.

शेजारच्या ब्लॉकमधल्या एका कुटुंबाच्या गाडीवर याचा परिणाम मी पाहिला आहे. गडद निळी गाडी, जागा बहुमजली कार पार्कच्या उघड्या गच्चीवर. डिसेंबरात पाच आठवडे गावी जायचे म्हणून त्यांनी जाड, चंदेरी, 'शंभर टक्के जलरोधक' असे कव्हर आणून व्यवस्थित बांधले. डिसेंबर ते जानेवारीची सुरुवात हा इथल्या ईशान्य मोसमी पावसाचा सर्वांत ओला काळ आणि नेमका तोच आपल्या सुट्टीचा. परत येऊन कव्हर काढले तर बॉनेटवर आणि टपावर दुधाळ ढग, आणि तेही कव्हरच्या चुण्यांच्या आकाराचे. जिथे प्लास्टिक अंगाला चिकटले होते तिथे पाण्याचा पातळ पापुद्रा आठवडेच्या आठवडे राहिला आणि रोजच्या उष्णतेने ते पाणी क्लिअर कोटमध्ये शिरले. आत शिरलेल्या ओलीने प्रकाश विखुरतो, म्हणून पांढुरके दिसते. काही ढग दोन-तीन दिवस कोरड्या उन्हात ठेवल्यावर विरले. काहींना पॉलिश करावे लागले. बॉनेट पूर्वी एकदा रंगवलेले होते. ते पुन्हा रंगवावे लागले, कारण दुय्यम रंगकामात ओल लवकर शिरते. कव्हर न घालता तीच गाडी पाच आठवडे पावसात उभी असती तर पुसून लख्ख झाली असती.

मला सांगायचे आहे ते एवढेच की, कव्हरने पाणी अडवावे की नाही हा दुय्यम प्रश्न. आत गेलेले पाणी त्यातून बाहेर पडते का, हा पहिला. आपल्या धनगराला हे कधीच कळले होते. घोंगडी पावसात जड होते, थोडी पाझरतेही, पण आतला माणूस कोरडा वाटतो. प्लास्टिकची खोळ घेतलेला माणूस पावसाने भिजत नाही, घामाने भिजतो. गाडीला घोंगडी हवी.

दुकानात घोंगडीच्या जातीची तीन-चार कापडे मिळतात. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे थर दाबून केलेले कव्हर सर्वांत जास्त दिसते. त्याच्या मधल्या थराची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब अडतो, वाफ निसटते. पण अतिनील किरणांविरुद्ध प्रक्रिया केलेली नसेल तर हेच कापड इथल्या उन्हात वर्षभरात पापडासारखे तुटू लागते, म्हणून ते विचारून घ्यावे. पाकिटावर 'पाच पदरी', 'सात पदरी' असे लिहिलेले असते त्याला फार भुलू नये. पदर मोजून कापड कळत नाही. रंग सुतातच मुरवलेले विणीचे अॅक्रिलिक महाग, पण उघड्या जागेसाठी माझी पसंती त्याला. चंदेरी मुलाम्याचे पातळ नायलॉन ऊन परतवते खरे, मुलामा झिजला की संपले. आतून जाड फलालीन लावलेले कव्हर हाताला फार छान लागते, आणि घेणारे तिथेच फसतात. बंद गॅरेजमध्ये ते उत्तम. इथल्या पावसात ते स्पंजासारखे पाणी धरते आणि त्याला बुरशी येते. व्हिनाइलचे कव्हर तर घेऊच नका. ते मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली तेलकट द्रव्ये उन्हात पाझरून रंगाला चिकटतात.

पाकिटावरच्या विशेषणांपेक्षा घरच्या परीक्षा बऱ्या. कपात उकळते पाणी घेऊन त्याच्या तोंडावर कव्हरचा कोपरा ताणून धरा आणि वर फ्रिजमधून काढलेली स्टीलची ताटली धरा. एक-दोन मिनिटांत ताटली धुकटली तर कापड श्वास घेते. कोरडी राहिली तर ते ताडपत्रीच्या वंशातले. दुसरी परीक्षा मऊपणाची. जुनी सीडी घ्या आणि तिच्या चमकत्या बाजूवर कव्हरची आतली बाजू वीस वेळा घासा. कापडाबरोबर शिवण, इलॅस्टिकची कड, बकल हेही घासून पाहा. चरे बहुधा कापडाने नव्हे, शिवणीनेच पडलेले आढळतील.

आता मापाविषयी. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. गाडी वाढत नाही. सैल कव्हर वाऱ्यात फडफडते आणि त्याच्याखाली धूळ असेल तर ते पॉलिशपेपरचे काम करते, कारण वाळूतली गारगोटी क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. पहाटे येणारे सुमात्रा वादळ ताशी ४० ते ८० किलोमीटर वेगाचे झोत घेऊन येते. तेव्हा आरशांना खिसे असलेले, गाडीखालून पट्टा जाणारे आणि नेमक्या मॉडेलचे कव्हरच घ्यावे. नंबरप्लेटच्या जागी पारदर्शक पट्टी असावी, म्हणजे तपासनीसाला गाडी ओळखता येते.

इतके सांगूनही माझे मत असे की बेडोकमधल्या बहुतेक कुटुंबांना कव्हरची गरजच नाही. जागा बहुमजली कार पार्कच्या आतल्या मजल्यावर असेल तर ऊन नाही, पक्षी नाहीत, झाड नाही. महिनाभरही गाडी तशीच राहू द्यावी. रोज गाडी वापरणाऱ्याने तर उघड्या जागेतही कव्हर घालू नये. दिवसभराची धूळ अंगावर असताना संध्याकाळी कापड ओढायचे आणि सकाळी काढायचे, असे वर्षातून तीनशे वेळा केले तर साळुंक्या परवडल्या. मुंबईत सकाळी एकाच बादलीतल्या पाण्याने वीस गाड्या पुसल्या जातात, त्यांच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, तोच हा प्रकार. अशांनी पंधरवड्याला गाडी धुवावी, तीन-चार महिन्यांनी मेण लावावे आणि विष्ठा दिसताच ओला टिश्यू पाच मिनिटे वर ठेवून मग अलगद उचलावी, घासू नये. सिरॅमिक लेप लावून घेतला असेल तरी हे चुकत नाही. तो लेप म्हणजे छत्री नव्हे. नुकताच एखादा भाग रंगवून घेतला असेल तर त्यातले द्रावक उडून जायला महिना-दोन महिने लागतात, तोवर कोणतेही कव्हर नको.

राहिले उघड्या जागेत किंवा झाडाखाली गाडी ठेवून महिना-दीड महिना गावी जाणारे. त्यांनी चांगले, श्वास घेणारे कव्हर जरूर घालावे. आदल्या दिवशी गाडी नीट धुवावी, दाराच्या कडांवरचे मीठ विसरू नये. दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचे कुंकू कुठे कोपऱ्यात राहिले असेल तर तेही काढावे. हळदीला चुना लावून केलेले कुंकू अल्कधर्मी असते आणि ओलीत डाग धरते. मग वीस मिनिटे फेरी मारून यावी, म्हणजे सांध्यांतले आणि ब्रेकमधले पाणी सुकते. गाडी पूर्ण निवली की कोरड्या दुपारी कव्हर घालावे. मित्राकडे घराची किल्ली देतोच, त्यालाच सांगावे की आठवड्यातून एकदा जाऊन कव्हरच्या खोलगट चुणीत साचलेले पाणी झटक. हे रंगापेक्षा डासांसाठी. एडिस डासाची अंड्यापासून डास होईपर्यंतची वाटचाल इथल्या उष्म्यात आठवडाभरात पुरी होते, आणि डेंगी पसरवायला कव्हरवरचे ओंजळभर पाणी पुरते. पाऊस नसलेल्या दुपारी तो तासभर कव्हर अर्धे उचलून ठेवणार असेल, तर असा मित्र जपून ठेवावा.

परत आल्यावर कव्हर ओढून काढू नये. दोन्ही बाजू टपावर उलटून, बाहेरची धूळ आत गुंडाळली जाईल अशी घडी करत मागे न्यावे, म्हणजे रंगाला लागणारी बाजू जमिनीला लागत नाही. धुताना साबण थोडा, कपडे मऊ करणारे द्रव अजिबात नको, त्याने छिद्रे बुजतात. पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नये, आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून ते आले तिच्यात तर मुळीच नको. आमच्याकडे ते उशीच्या जुन्या अभ्र्यात राहते.