मुंजीचे एक लाख रुपये

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी भाऊबंदांपैकी वासुदेवरावांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदरराव ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. गव्हर्नर जनरल डलहौसीने हे दत्तक नामंजूर करून 1854 मध्ये संस्थान खालसा केले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तेच दत्तक त्याच सरकारने खासगी मालमत्तेपुरते ग्राह्य धरले, हे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. राजाची खासगी दौलत राणीला द्यावी, अशी पोलिटिकल एजंट माल्कमची शिफारस होती. हिंदू कायद्याप्रमाणे ती दौलत दत्तक पुत्राची आहे, असे म्हणून डलहौसीने ही शिफारस फेटाळली. दामोदरराव सज्ञान होईपर्यंत सुमारे सहा लाख रुपये सरकारी खजिन्यात अनामत ठेवायचे ठरले. पुढे मुलाच्या मुंजीसाठी राणी लक्ष्मीबाईंनी त्यातले एक लाख मागितले, तेव्हा सरकारने आधी जामीन आणायला सांगितले. मुलगा मोठा होऊन हीच रक्कम पुन्हा मागेल, ही सरकारची धास्ती.

ज्याच्या आईने पैसे मागितले, त्याच्याच मुंजीला जामीन लागावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते. अज्ञानाची मालमत्ता जपलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ती जपण्याची हिंदू कायद्यातली कसोटी वेगळी आहे. आपत्ती, कुटुंबाचा निर्वाह आणि धर्मकार्य यांसाठी कुटुंबाची मिळकत देता येते, असे मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाने फार पूर्वीच सांगितले. मुंज हा संस्कार. तो धर्मकार्यात सहज बसतो. 1856 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात हेच सूत्र पक्के केले. तिथेही आईने अज्ञान मुलाची मिळकत गहाण टाकली होती. व्यवस्था पाहणाऱ्याचा अधिकार मर्यादित असतो, गरज असेल किंवा मिळकतीचे हित असेल तरच तो वापरता येतो, आणि सावकाराने त्या गरजेची प्रामाणिक चौकशी केलीच पाहिजे, असा तो निकाल. म्हणजे व्यवहार टिकतो तो गरजेच्या पुराव्यावर.

एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला आजही हेच लागू आहे. सातबाऱ्यावर एकट्याचे नाव आहे म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. गरजेशिवाय त्याने जमीन विकली, तर ज्यांचा जन्माने हिस्सा आहे ते सहदायाद ती विक्री कोर्टातून रद्द करून घेऊ शकतात. मात्र विक्री होण्याआधीच मनाई हुकूम मागून कर्त्याचे हात बांधता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये सांगितले. बक्षीसपत्राला तर फार थोडी जागा आहे: प्रेमापोटी दिलेले बक्षीस हे धर्मकार्य नव्हे, असा 2022 चा निकाल आहे. स्वतःच्या अविभक्त हिश्श्याबाबत प्रांताप्रांतात फरक पडतो. महाराष्ट्रात सहदायाद तो हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय मोबदला घेऊन विकू शकतो. झाशी हिंदू कायद्याच्या ज्या बनारस परंपरेत येते, तिथे तसे करता येत नाही. महाराष्ट्रातही घेणाऱ्याला अमुक खोली किंवा अमुक गट हातात मिळत नाही, त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो.

अशा नियमांनी व्यवहारच अडतात, पैसे मोजून घेणारा नाहक भरडला जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती निराधार नाही. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने सहदायाद ठरल्या आणि विचारावे लागणारे लोक वाढले. तरी कायद्याने घेणाऱ्यालाही आधार दिला आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या व्यवहारांना या दुरुस्तीने धक्का लागत नाही. शिवाय हनुमानप्रसाद निकालाने एक ओझे त्याच्या डोक्यावरून उतरवले: चौकशी प्रामाणिकपणे केली असेल, तर पैसा पुढे खरोखर त्याच कामी लागला का, हे पाहणे त्याच्यावर बंधनकारक नाही. बहिणींना न विचारता झटपट सही घेण्याची सोय मात्र गेली, आणि ती गेली हे योग्यच झाले. दस्तात ‘कौटुंबिक गरजेसाठी’ एवढे लिहून भागत नाही, तो मजकूर एकट्याने पुरावा ठरत नाही. थकलेल्या कर्जाची बँकेची नोटीस, रुग्णालयाचे बिल, मुलीच्या लग्नाचा खर्च दाखवणाऱ्या पावत्या यांच्या प्रती खरेदीखताच्या दिवशीच घेऊन जपून ठेवाव्यात. वीस वर्षांनी कोर्टात त्या जमवणे फार अवघड जाते.