फोटोची जागा आधी पंचांगात शोधा

चंदगड तालुक्याला समुद्र नाही, पण समुद्राचा हिशेब इथल्या कड्यावरून मांडता येतो. पारगड सुमारे ७३८ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण ९७ किलोमीटरवर पडतं, आणि रेडी-शिरोड्याचा किनारा सरळ रेषेत आहे पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर पृथ्वीची गोलाई गडाच्या आणि समुद्राच्या मध्ये येत नाही!

तिलारी घाट उतरून, दोडामार्गमार्गे कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. शिरोड्याचा वेळागर, रेडीचा यशवंतगड, खाडीकाठचा तेरेखोल, वर वेंगुर्ल्याचं बंदर, आणखी वर निवती-भोगवे. नावं कुणीही सांगेल. पण हाच वेळागर एका संध्याकाळी आरशासारखा लखलखतो आणि आठवड्याने त्याच वेळी गेलात तर पायाखाली नुसता फेस. तो आरसा कधी मिळणार, हे निघण्याआधी चंदगडच्या घरातली दिनदर्शिका सांगू शकते.

कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, ओहोटी. नेमक्या सूर्यास्ताच्या तोंडावर पाणी सर्वांत मागे गेलेलं असतं. शिवाय हे दिवस उधाणाचे, त्यामुळे ओहोटीही मोठी. ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. आता अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. ऐन सूर्यास्ताला भरती, पाणी खडकांपाशी. हे भांगाचे दिवस असल्याने भरतीला उधाणाचा जोर नसतो, पण खडकांभोवती फिरणाऱ्या लाटा टिपायच्या तर हीच तिथी.

यामागे चंद्र आहे. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाण. चंद्र-सूर्य काटकोनात गेले की भांग. आकाशातली मांडणी वाळूवर उमटते, आणि तिथी म्हणजे त्याच मांडणीची नोंद!

ओल्या वाळूचा आरसा हाही एक चमत्कार आहे. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर जितकी तिरकी, तितकं परावर्तन वाढतं. अगदी आडव्या कोनातून जवळजवळ सगळं आकाश पाण्यात दिसतं. म्हणून तिवई बुटकी करावी, मोबाइल असेल तर तो वाळूपासून वीतभर उंचीवर धरावा. तीच जागा, तोच क्षण, पण रंग कितीतरी पटीने दाट.

तिथी ठरली की महिना पाहायचा. आपल्या अक्षांशावर मावळता सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे वर्षभरात सूर्यास्त जवळजवळ पाच मुठी सरकतो. निवतीच्या किल्ल्यावरून उत्तरेला भोगव्याचा किनारा दिसतो, तेव्हा सूर्य आणि किनारा एकाच चौकटीत हवे असतील तर डिसेंबरपेक्षा मे बरा. किनाऱ्याच्या दक्षिणेला डोंगराचं नाक असेल, तर सूर्य त्याच्या बाजूला उतरलेला हिवाळ्यात मिळतो.

आणि पाठीमागे वळायला विसरू नका. पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. डिसेंबर-जानेवारीच्या पौर्णिमेला तो ईशान्येकडे झुकलेला असतो, आणि शिरोड्याहून पाहिलं तर ती दिशा साधारण चंदगडची! समोर ओहोटीच्या वाळूत सूर्यास्त, मागे आपल्याच तालुक्याच्या डोंगरांवरून चंद्रोदय. एका तिथीने दोन्ही चित्रं जुळवून दिलेली.

ठोकताळा आखणीसाठी आहे. पाण्यात पाय घालताना त्यावर विसंबू नये. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे इशारे देते. दोन्ही पाहून घ्यावं. बंदरावरच्या मच्छीमारांना विचारावं, त्यांचा शब्द शेवटचा मानावा. पावसाळ्यात खडकांवर उतरूच नये, आणि कुठल्याही महिन्यात चंद्रोदय टिपायला समुद्राकडे पाठ करायची तर आधी लाटांच्या आवाक्याबाहेर, कोरड्या वाळूवर यावं. पुढची सहल ठरवताना सुटीचा वार बघण्याआधी त्याखालची तिथी वाचा. निम्मी जागा तिथेच सापडेल.