तारेत वीज मावते तरी किती?

गावातील विजेच्या तारा तुम्ही रोज पाहता. गाव वाढते, घरोघर फ्रीज येतात, विहिरींवर मोटारी बसतात, पिठाच्या गिरणीशेजारी वेल्डिंगचे दुकान निघते; खांबांवरील तारा मात्र पुष्कळदा पूर्वीच्याच असतात. तार काही नळासारखी पोकळ नसते. मग तिच्यातून हवी तेवढी वीज का नेता येऊ नये?

याचे उत्तर तुम्ही शिकलेल्या ज्यूलच्या नियमात आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ११,००० व्होल्टची, १० किलोमीटर लांबीची एक वाहिनी घेऊ. तिच्या तीन तारांपैकी प्रत्येकीचा रोध किलोमीटरला ०.५५ ओहम, म्हणजे एकूण ५.५ ओहम आहे. टोकाच्या गावासाठी प्रत्येक तारेतून ५० ॲम्पिअर प्रवाह जात असेल, तर ३ × ५० × ५० × ५.५, म्हणजे सुमारे ४१ किलोवॉट वीज नुसत्या तारा तापविण्यात जाते. मागणी दुप्पट होऊन प्रवाह १०० ॲम्पिअर झाला, की ही नासाडी १६५ किलोवॉटवर जाते. मागणी दुप्पट, नासाडी चौपट!

शिवाय वाटेत दाबही घटतो. पंपाच्या मोटारीला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते; दाब कमी मिळाला की ती प्रवाह जास्त ओढते, तापते आणि अखेर तिचे वायंडिंग जळते. तो जादा प्रवाह त्याच तारांतून येत असल्याने शेजारच्या विहिरीवरील दाब आणखी उतरतो. ऐन हंगामात मोटार जळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलांना सांगायला नको.

तापलेली तार लांबते, हा दुसरा धोका. एक गंमत करून पाहा. १०० मीटर अंतरावरील दोन खांबांमध्ये ताठ बांधलेली दोरी केवळ ८ सेंटिमीटरने लांब झाली आणि मध्यभागी खाली ओढली, तर ती किती खाली येईल? पायथागोरसचा सिद्धांत लावा : पाया ५० मीटर, कर्ण ५०.०४ मीटर. उत्तर येते २ मीटर! खरी तार आधीच झोळ देऊन बांधलेली असते, म्हणून तिथे वाढ इतकी होत नाही. तरी १ मीटर झोळ असलेली तार ४० अंशांनी तापली, तर ती आणखी सुमारे पाऊण मीटर खाली येऊ शकते. रस्त्यावरून उसाची भरलेली ट्रॉली जात असेल, तर हा पाऊण मीटर फार महत्त्वाचा ठरतो.

मोठ्या पारेषण वाहिन्याही यातून सुटत नाहीत. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात तीन मोठ्या वाहिन्या खाली न छाटलेल्या झाडांना लागून एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्यातील प्रवाह ठरलेल्या मर्यादेच्या आतच होता. पुढे इतर वाहिन्यांवर भार पडत गेला आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात सापडले.

मग उपाय काय? पहिला, जाड तार. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या तारांना (मध्ये बळकटीसाठी पोलाद असते) वीझल, रॅबिट, डॉग अशी प्राण्यांची नावे आहेत. वर घेतलेला रोध ‘रॅबिट’चा. त्याजागी ‘डॉग’ ओढली, तर रोध जवळजवळ निम्मा होतो आणि १६५ किलोवॉटचे सुमारे ८३ होतात. पण ही तार सुमारे १.८ पट जड असते. जुने खांब, आडव्या पट्ट्या आणि ताण तिला पेलतात की नाही, हे आधी तपासावे लागते. नुसती तार बदलून भागत नाही ते यामुळेच.

दुसरा उपाय दाब वाढविण्याचा. तीच वीज ३३,००० व्होल्टने नेली, तर प्रवाह एक-तृतीयांश आणि नासाडी एक-नवमांश होते. १६५ ऐवजी अवघे १८ किलोवॉट, तेही जुन्याच तारेत! माझ्या मते लांबच्या वाहिनीला यासारखा उपाय नाही. मात्र इन्सुलेटर मोठे लागतात, तारांमधील अंतर वाढवावे लागते आणि गावाजवळ उपकेंद्र उभारावे लागते.

याच तत्त्वावर महाराष्ट्रात २०१८ पासून हजारो कृषिपंपांना जोडण्या देण्यात आल्या. एका मोठ्या डीपीवरून दूरवर ४०० व्होल्टच्या तारा नेण्याऐवजी ११,००० व्होल्टची तारच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांसाठी एक छोटे रोहित्र बसवायचे. दाब सुमारे सत्तावीस पट, म्हणून वाटेतील प्रवाह तेवढाच कमी. याचा खर्च मात्र सोपा नाही : रोहित्रांची संख्या फार वाढते आणि पंप बंद असतानाही प्रत्येक रोहित्राच्या लोखंडी गाभ्यात थोडी थोडी वीज रात्रंदिवस खर्ची पडत राहते.